बावीस तासांची टेस्ट ड्राइव्ह

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शेजारी टाय लावलेला मुलगा, पहिल्या सिग्नलपर्यंत जायचं, यू-टर्न मारायचा आणि परत. तेवढ्यात तो एसी, मायलेज आणि ईएमआय सगळं उरकून घेतो. आजचा आपला हिरोसुद्धा गाड्या विकणाराच. पण त्याची सगळ्यात गाजलेली टेस्ट ड्राइव्ह बावीस तासांपेक्षा जास्त चालली, आणि स्टिअरिंगवर कस्टमर नव्हता, तो स्वतः होता!

नाव लुइजी किनेत्ती. (स्पेलिंग सी-एचने सुरू होतं म्हणून 'चिनेट्टी' म्हणू नका, इटालियन मित्र हसेल.)

जून १९४९. फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची रेस महायुद्धानंतर पहिल्यांदाच होत होती. शनिवारी दुपारी चारला सुरू, रविवारी दुपारी चारला खेळ खलास. तेवढ्यात जो जास्तीत जास्त अंतर कापेल तो जिंकला. गाडीला दोन ड्रायव्हर, त्यांनी आलटून पालटून चालवायचं, दुसऱ्याने तोवर झोप काढायची. किनेत्तीची गाडी होती फेरारी १६६ एमएम. इंजिन जेमतेम दोन लिटरचं, पण सिलिंडर बारा. जोडीदार म्हणजे गाडीचा मालक, ब्रिटिश उमराव लॉर्ड सेल्सडन. लॉर्डसाहेबांची तब्येत बिघडली आणि त्यांनी जेमतेम तासाभराच्या आसपास गाडी चालवली. उरलेला दिवस, अख्खी रात्र आणि दुसरा दिवस किनेत्ती एकटा. वय ४७. उघडी गाडी, अंगावर वारा, पॉवर स्टिअरिंग वगैरे लाड नाहीत. एकूण अंतर झालं ३,१७८ किलोमीटर. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यायचं आणि तरी वर काही तास चालवत राहायचं.

गाडी पहिली आली. फेरारीचा ल माँमधला हा पहिला विजय. आज पोस्टरवर, की-चेनवर आणि डुप्लिकेट टी-शर्टवर जो घोडा आपण बघतो, त्याची कंपनी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.

यात एक सॉलिड हिशेब फिटला, तोही ऐका. १९३२मध्ये किनेत्तीने हीच रेस अल्फा रोमिओमधून जिंकली होती, रेमोँ सोमेरबरोबर. तेव्हा आजारी पडला होता किनेत्ती, आणि वीस तासांच्या वर गाडी ओढली होती सोमेरने. १९३४मध्ये फिलिप एतांसलांबरोबर पुन्हा जिंकला. त्यावेळी पेट्रोलची टाकी गळायला लागली तर ती च्युइंगगमने बुजवली म्हणतात. जुगाड काही फक्त आपल्याकडेच होत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. ड्रायव्हर ग्रेट होता, पण ग्रेट ड्रायव्हर ढिगाने सापडतात. आपल्याला इंटरेस्ट आहे तो त्याच्या करिअरच्या दुसऱ्या गिअरमध्ये.

किनेत्ती लोम्बार्डीतला, १९०१चा जन्म, बाप बंदुका बनवणारा. पोरगा अल्फा रोमिओमध्ये मेकॅनिक म्हणून लागला. तिथेच एन्झो फेरारीची ओळख झाली. इटलीत फॅसिस्टांचा जोर वाढला तसा हा पॅरिसला गेला आणि अल्फा विकायला लागला. १९४०मध्ये इंडियानापोलिसच्या रेससाठी एका मसेराटी टीमबरोबर अमेरिकेला पोचला. युरोपात लढाई पेटलेली, त्यामुळे तिकडेच राहिला. पुढे नागरिकत्वही घेतलं.

१९४६च्या नाताळात तो मोडेनाला जाऊन एन्झोला भेटला. ही भेट इतक्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की तिच्यावर थोडं पॉलिश चढलं असणारच. पण गाभा खरा आहे. युद्धात एन्झोच्या कारखान्यात मशीन टूल्स बनत होती. अल्फा सोडताना चार वर्षं रेसिंगमध्ये स्वतःचं नाव वापरायचं नाही अशी अट होती, ती संपली होती. इटली भिकेला लागलेली. अशा वेळी अमेरिकेहून आलेला जुना दोस्त सांगत होता की तू गाड्या बनव, मी तिकडे खपवतो. तिथे पैसा आहे आणि हौसही आहे.

विचार करा, विकायला अजून गाडीच नाही! पहिली फेरारी रस्त्यावर आली १९४७मध्ये. एन्झोला रेसिंगशिवाय कशातही रस नव्हता. रस्त्यावरच्या गाड्या विकायच्या त्या रेसिंगचा खर्च निघावा म्हणून. म्हणजे प्रॉडक्ट हेड असा की ज्याला कस्टमर ही एक कटकट वाटते, आणि सेल्स हेड असा की जो कस्टमरच्या गाडीत बसून बावीस तास चालवतो. जोडी जमली ती याचमुळे, असं मला वाटतं. (आणि मोडली तीही याचमुळे, त्यावर येतोच.)

किनेत्तीने अमेरिकेत पहिल्यांदा ज्यांना फेरारी विकली त्यात ब्रिग्ज कनिंगहॅम होता. गडगंज श्रीमंत, स्वतः रेस करणारा. असल्या माणसाला ब्रोशर दाखवून काय होणार? त्याला रिझल्ट लागतो. तो किनेत्ती देत राहिला. १९५१ची कारेरा पानअमेरिकाना, मेक्सिकोच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ३,१०० किलोमीटरची रोड रेस, त्याने पिएरो तारुफीबरोबर जिंकली. पन्नाशीत! दोन वर्षांनी ल माँमध्ये शेवटचा उतरला आणि मग पूर्ण वेळ दुकानावर बसला. आधी न्यूयॉर्क, पुढे कनेटिकटमधलं ग्रिनिच.

बसला म्हणजे काय, १९५८मध्ये स्वतःची टीम काढली. नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम, आद्याक्षरांनी 'नार्ट'. गणित साधं. रविवारी गाडी जिंकली की सोमवारी फोन वाजतो. पण किनेत्ती गाड्यांबरोबर माणसंही हेरायचा. फिल हिल, डॅन गर्नी यांना फेरारीचा दरवाजा उघडून दिला तो यानेच. मेक्सिकोचे पेद्रो आणि रिकार्दो रॉद्रिगेझ हे भाऊ तर मिसरूड फुटण्याच्या वयात त्याच्याकडे आले. १९६०मध्ये नार्टच्या गाडीतून रिकार्दो ल माँला दुसरा आला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. कॉलेजच्या सेकंड इयरचं वय.

दोन वर्षांनी, १९६२मध्ये, मेक्सिकोत प्रॅक्टिस करताना तो गेला. गाडी किनेत्तीची नव्हती, लोटस होती. पेद्रोने पुढे नार्टसाठी १९६३ आणि १९६४ अशी दोन वर्षं डेटोना जिंकली आणि १९७१मध्ये जर्मनीत तोही रेसमध्येच गेला. किनेत्तीला यात दोष देता येत नाही. पण त्याच्या टॅलेंट हेरण्याचं कौतुक वाचताना माझा हात जरा थबकतो. त्या काळात तरुण मुलाला वेगवान गाडी देणं म्हणजे काय, हे चोवीस तासांच्या रेसेस स्वतः चालवलेल्या माणसाइतकं कोणाला कळणार होतं?

'फोर्ड व्हर्सेस फेरारी' तुम्ही पाहिला असेलच. त्यात १९६६ आहे, फोर्डने फेरारीला लोळवलं ते वर्ष. आदल्या वर्षीची गंमत मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. १९६५मध्ये ल माँला फोर्डच्या गाड्या एकामागून एक बंद पडल्या, आणि फेरारीच्या फॅक्टरी टीमलाही ग्रहण लागलं. जिंकली नार्टची २५० एलएम, म्हणजे डीलरची गाडी! ड्रायव्हर होते जाड भिंगाचा चष्मा लावणारा मास्टन ग्रेगरी आणि पुढे फॉर्म्युला वन चॅम्पियन झालेला योखेन रिंट. गाडी टिकणार नाहीच असं समजून दोघांनी ती बेफाम हाणली, असं सांगतात.

डीलर म्हणून त्याची नजरही तशीच. १९६७मध्ये त्याने एन्झोच्या मागे लागून २७५ जीटीबी/४चं उघड्या टपाचं मॉडेल करून घेतलं, खास अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी. सेब्रिंगच्या रेसमध्ये ती चालवायला दोन बायका बसवल्या, डेनिस मॅक्लगेज आणि पिंकी रोलो. स्टीव्ह मॅक्वीनने एक घेतली. तरी बनल्या फक्त दहा. मार्केट उठलं नाही. २०१३मध्ये त्यातलीच एक लिलावात पावणेतीन कोटी डॉलरना गेली.

शेवट मात्र कडू आहे. १९६९मध्ये फियाटने फेरारीत निम्मा वाटा घेतला. अमेरिकेत धुराचे आणि सेफ्टीचे कायदे कडक झाले, फेरारीचं बॉक्सर मॉडेल तिथे अधिकृतपणे आलंच नाही. ज्या मार्केटचं नकाशावर नाव नव्हतं तिथे दुकान मांडणारा माणूस आता कंपनीला मधला वाटायला लागला. एन्झो आणि तो, दोघेही हट्टी. भांडणं झाली, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फेरारीची एजन्सी त्याच्या हातातून गेली. ज्यांच्या घरात कुठल्याही कंपनीची डिस्ट्रिब्युटरशिप आहे त्यांना ही स्टोरी नवी वाटणार नाही. आधी एरिया तुम्ही डेव्हलप करायचा, मग कंपनी डायरेक्ट येते.

नार्टची गाडी ल माँमध्ये शेवटची धावली १९८२मध्ये. एन्झो १९८८मध्ये गेला, किनेत्ती १९९४मध्ये, ग्रिनिचलाच, ९३व्या वर्षी. अमेरिका आजही फेरारीचं सगळ्यात मोठं मार्केट आहे. ल माँमध्ये फेरारी त्यानंतर पहिली आली ती थेट २०२३मध्ये, म्हणजे १९६५नंतर ५८ वर्षांनी. आणि ती १९६५ची डीलरची गाडी? फेब्रुवारी २०२५मध्ये पॅरिसला तिचा लिलाव झाला. किंमत आली ३ कोटी ४८ लाख ८० हजार युरो. ईएमआय तुम्हीच काढा.