विश्लेषण : टांगाच्या किनाऱ्यावर किती सैनिक पडले? युद्धातील आकडे कसे तपासावेत?

हिंगणघाट : युद्धातील बळींचा आकडा मोबाइलवर फिरतो, पण तो कोणी मोजला हे त्यात नसते. पहिल्या महायुद्धातील टांगाची लढाई हे त्याचे ठळक उदाहरण.

काय घडले होते?
१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून सुमारे ८ हजारांचे दल निघाले. त्यात बहुतांश भारतीय होते. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाचे पायदळही होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते आजच्या टांझानियातील टांगा बंदराजवळ उतरले. समोर जेमतेम एक हजार जर्मन व आफ्रिकी सैनिक होते. तरीही ५ नोव्हेंबरला दलाला माघार घ्यावी लागली.

आकडे काय सांगतात?
ब्रिटिश नोंदींत मृत सुमारे ३६०. जखमी व बेपत्ता धरून आठशेहून अधिक. जर्मन सेनापती पॉल फॉन लेटो-फोरबेक यांनी मात्र आठवणींत किमान २ हजार ठार झाल्याचा अंदाज दिला.

कोणता आकडा टिकतो?
२ हजार मृत आणि तेवढेच जखमी धरले, तर निम्मे दल संपले असते. प्रत्यक्षात माघारी फिरलेले दल मोम्बासाला उतरले आणि पूर्व आफ्रिकेत पुढेही लढले. जर्मन दावा फुगवलेला दिसतो. पण ब्रिटिशांनीही पराभवाची बातमी कित्येक महिने दडपली होती. म्हणून त्यांचा आकडाही डोळे झाकून घेता येत नाही.

गल्लत कुठे होते?
‘कॅज्युअल्टी’ म्हणजे फक्त मृत नव्हेत. जखमी, बेपत्ता व बंदीही त्यात येतात. त्याचे भाषांतर ‘शहीद’ केले की टांगाचे मृत एका फटक्यात दुपटीहून जास्त होतात. बाजार समितीत कापसाची आवक आणि विक्री कोणी एक धरत नाही, इथेही तेच.

मग खात्री कशी करायची?
नावे मोजून. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी चढाईत दोस्तांचे सुमारे अडीच हजार सैनिक मेले, असे अनेक वर्षे सांगितले जाई. एकेक नाव शोधल्यावर संख्या ४,४१४ निघाली.

भारतीयांची अडचण इथेच आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने मान्य केले, की पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान १ लाख १६ हजार जणांची, प्रामुख्याने आफ्रिका व मध्यपूर्वेतील मृतांची, नावानिशी नोंदच झाली नाही. आकडा फुगवून त्यांचा सन्मान होत नाही. नाव शोधल्याने होतो.