अजगराची अंडी सापडली तर काम थांबवायचं कोणी? कासरगोडचे 54 दिवस आणि उटनूरचा शेतकरी

उटनूर : उन्हाळ्यात शेताची साफसफाई सुरू झाली की बांधावरचे दगडगोटे हलतात, विहीर खोल करायला जेसीबी येतो, नाल्यावर पुलाचं काम निघतं. मादी अजगराचा अंडी घालण्याचा हंगामही नेमका हाच, मार्च ते जून. अंडी घातली की ती खाणं सोडून त्यांना वेटोळं घालून बसते आणि साधारण दोन महिन्यांनी पावसाच्या तोंडावर पिलं निघतात. शेतकऱ्याला पेरणीआधी जे दोन महिने हवेत, तेच तिलाही हवेत.

2022 च्या मार्चमध्ये केरळच्या कासरगोडला हाच पेच पडला होता. तोही आपल्यासारखाच सीमेवरचा जिल्हा. राष्ट्रीय महामार्ग 66 च्या कामात एका मोरीजवळ अंड्यांवर बसलेली अजगरीण सापडली. उरालुंगल या कामगार सहकारी संस्थेने तिथलं काम 54 दिवस थांबवलं. अंडी फुटायच्या बेतात आल्यावर ती एका सर्पमित्राच्या घरी नेली, 24 अंड्यांतून पिलं निघाली आणि ती जंगलात सोडली गेली. कौतुक व्हायलाच हवं. पण महामार्गाचा मोठा ठेकेदार मोरी सोडून पुढचं काम करू शकतो. चार एकर कापूसवाल्याला तशी पुढची जागा कुठंय?

कायद्यात सूट नाही. अजगर, तेलुगूत कोंडचिलुवा, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची अंडी फोडणं, हलवणं हेही कायद्याने शिकारीतच मोडतं. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि कमीत कमी 25 हजार दंड. म्हणून परवानगीशिवाय अंडी घरी नेऊन 'पिलं काढतो' म्हणणारा हौशी सर्पमित्रही अडकू शकतो.

मग अंडी उचलून कृत्रिमरीत्या उबवायची का? होतं ते, पण वाटतं तितकं सोपं नाही. अजगराची अंडी कोंबडीसारखी फिरवायची नसतात. गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं की तो मरू शकतो. म्हणून उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची, एकमेकांना चिकटलेली अंडी तोडायची नाहीत. ओलसर कोकोपीट भरलेल्या झाकणाच्या डब्यात ती तशीच ठेवायची. हवा दमट हवी, पण अंड्यावर पाणी साचता कामा नये. तापमान 30 ते 32 अंशांच्या आसपास. जास्त थंडीत पिलू वाकडं निघतं, जास्त उष्णतेत आतच जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अशा घरात डबा ठेवणं म्हणजे जुगारच.

आईला हे सगळं उपजत येतं. गारवा वाढला की ती अंग थरथरवून ऊब तयार करते. 1966 साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अंड्यांवर बसलेल्या मादीचं तापमान मोजून हे सिद्ध झालं. सापाच्या जातीत ही करामत फार थोड्यांना जमते. म्हणून पहिला उपाय एकच, तिला तिथंच राहू द्या. जागा वाचणारच नसेल तरच वनखात्याने अंडी उचलावीत. पिलू कवच चिरून एखाद-दोन दिवस आतच बसतं, तेव्हा ओढून काढायची घाई नको.

इंद्रवेल्लीजवळ केस्लापूरला पौष अमावस्येला मेश्राम कुळ नागोबाची महापूजा करतं. अजगराच्या नशिबी तो मान नाही. शेळी गिळेल या भीतीने काठीच आधी निघते. ती भीती भाषणाने जात नाही. वाघाने बैल मारला तर भरपाईचा अर्ज करता येतो. मग अंड्यांसाठी ज्याचं विहिरीचं काम दोन महिने अडलं, त्यालाही काही रक्कम का मिळू नये? एका विहिरीचा खोळंबा सरकारला जड नाही, शेतकऱ्याला आहे. शिवाय उटनूरच्या वनकार्यालयात उन्हाळ्यापुरता एक उबवणी डबा, थर्मामीटर, बॅटरीची सोय आणि ते चालवायला शिकलेला एक माणूस ठेवायला हवा. नाहीतर फोन येण्याआधीच जेसीबी फिरून जाईल आणि कुणाला कळणारही नाही.