गव्हातील गवती तण आणि औषधावरील भिस्त

गव्हात रुंद पानांचे तण उगवले तर ते दुरूनही ओळखू येते. गवती तणाचे तसे नाही. ते गव्हाच्याच कुळातील असल्याने गव्हाच्याच रूपात वाढते, त्याचेच पाणी पिते, त्याचेच खत खाते आणि ओंबी बाहेर पडेपर्यंत शेतकऱ्याच्या नजरेस चकवते. रानओट आणि फॅलॅरिस मायनर ही या वर्गातील दोन मोठी तणे होत. दुसऱ्यास पंजाबात गुल्ली-डंडा व हरियाणात मंडूसी किंवा कनकी म्हणतात. या मंडूसीने हरियाणात जे घडविले, ते गहू पिकविणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेण्याजोगे आहे.

१९६० नंतरच्या दशकात बुटक्या मेक्सिकन गव्हाच्या जाती उत्तर भारतात आल्या. त्यांना खत व पाणी अधिक लागे, आणि उंची कमी असल्याने त्यांची सावली तणावर पुरेशी पडत नसे. पुढे भातामागून गहू हाच फेर वर्षानुवर्षे चालू राहिला. ओलसर जमीन व थंड हवा मंडूसीस फारच मानवली. तिच्या बंदोबस्तासाठी आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आले. ते स्वस्त होते, गुणकारीही होते. साहजिकच निंदणी मागे पडली आणि सारी भिस्त त्या एका औषधावर राहिली.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते औषध हरियाणाच्या भात-गहू पट्ट्यात निष्फळ ठरू लागले. जेथे तण अतिशय माजले, तेथे शेतकऱ्यांना उभा गहू कापून गुरांना वैरण म्हणून घालावा लागला. बी, खत, पाणी व मेहनत सर्व वाया गेले.

याचे कारण सोपे आहे. लक्षावधी रोपांत एखादे रोप निसर्गतःच असे असते की ते औषध पचवून जगते. दरवर्षी तेच औषध फवारले, की इतर रोपे मरतात व हे वाचते. त्याचे बी जमिनीत पडते आणि काही हंगामांत शेतात त्याचीच प्रजा उरते. अपुरी मात्रा आणि ओबडधोबड फवारणी यांनी हे काम अधिकच लवकर होते. त्या दशकाच्या अखेरीस क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप व सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधे आली. परंतु पुढे अनेक ठिकाणी मंडूसी त्यांनाही दाद देईनाशी झाली. औषध बदलले, सवय बदलली नाही, हेच त्याचे मर्म आहे.

म्हणून तणनाशकास शेवटचा मदतनीस मानावे, पहिला नव्हे. पहिले काम तणाचे बी शेतात न येऊ देण्याचे. पेरणीचे बियाणे स्वच्छ असावे. कच्चे शेणखत टाकू नये. पाट व बांध यांवरील तण फुलोऱ्यापूर्वी काढावे. दुसरे काम फेरपालटीचे. बरसीम, बटाटा, ऊस यांसारखे पीक मध्ये आले म्हणजे मंडूसीची साखळी तुटते; बरसीमच्या वारंवार कापणीत तर तिला बी धरण्यास अवसरच मिळत नाही. तिसरे काम मशागतीचे. पेरणीपूर्वी रान ओलवून, उगवलेले तण कुळवाच्या पाळीने मोडावे. उत्तरेत हवा अजून उबदार असतानाच लवकर पेरलेला गहू पुढे निघतो, कारण मंडूसीस उगवण्यास थंडी लागते. तेथे बिननांगरटीची पेरणीही उपयोगी ठरली आहे. माती न हलल्याने खालचे बी वर येत नाही.

पहिले ३० ते ४० दिवस निर्णायक असतात. या मुदतीत ओळख पटली पाहिजे. गव्हाच्या पानाच्या बुडाशी खोडाला बिलगणारी कानासारखी दोन टोके असतात. मंडूसीस ती नसतात, आणि तिच्या कोवळ्या रोपाचा बुंधा बहुधा लालसर असतो. फवारणी करावयाची तर शिफारशीच्या मात्रेत, जमिनीत ओल असताना करावी आणि दरवर्षी औषधाचा गट बदलावा. नुसते नाव बदलून भागत नाही. फवारणीतून वाचलेली रोपे बी धरण्यापूर्वी हाताने उपटावीत. हे काम क्षुल्लक वाटते. परंतु औषध पचविणाऱ्या तणाचा वंश तेथेच खुंटतो.

महाराष्ट्रात मंडूसी उत्तरेइतकी माजलेली नाही. पण बियाणे प्रांतोप्रांती जाते, आणि कापणीची यंत्रेही उत्तरेकडून येतात. यंत्र शेतात शिरण्यापूर्वी झाडून घ्यावे, इतकी दक्षता प्रत्येक गावास शक्य आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या कामाचे मोजमाप किती औषध खपले यावरून करू नये. किती शेतांत तणाला बी धरू दिले नाही, हा त्याचा खरा हिशेब होय. एका शेतकऱ्याने तण राखले तर शेजाऱ्याचे कष्ट फुकट जातात. म्हणून हे काम साऱ्या शिवाराने मिळून करावयाचे आहे.