सावित्रीचा पूल : पाहणी झाली, तरी पूल गेला

शेतकरी मंडळी, आपल्या पनवेलहून गोव्याला जाणारा हायवे महाडजवळ सावित्री नदी ओलांडतो. तिथला १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसट्या माणसांसकट घेऊन. मे महिन्यात पाहणी झाली होती, पूल ठीक होता, असं सरकारनंच नंतर सांगितलं. मग पाहणी कशाची केली, कठड्याची?

नवा पूल मात्र १६५ दिवसांत झाला! म्हणजे जमतं, पण माणसं गेल्यावर.

आपण खारबांधाची उघाडी पावसाआधी ओहोटीला चिखलात उतरून बघतो, खांड जायची वाट बघत नाही. हायवेच्या पुलांचा पायाही तसाच बघा. कोणी, कधी, काय तपासलं तो कागद पुलावरच लावा.