कंपनी आपली सोयरी नाही, भावांनो!

पोस्ट मोठी आहे. बाईकवाल्या पोरांनी तरी शेवटपर्यंत वाचा. शिव्या द्यायच्या असतील तर वाचून झाल्यावर द्या.

मागच्या रविवारी कोकणात उतरताना घाटात आपल्या कराडचा एक पोरगा गाडीवरून पडला. त्याचं नाव लिहीत नाही, घरच्यांना त्रास नको. कंपनीचं नावही मुद्दाम लिहीत नाही, कारण या पोस्टचा मुद्दाच तो आहे. वळणावर खडी सांडलेली होती, गाडी जड क्रूझर, मागचं चाक सरकलं आणि गडी पंधरा फूट फरफटत गेला. जबडा मोडला, मनगट मोडलं. जिवावरचं जबड्यावर निभावलं म्हणायचं.

बातमीसाठी दवाखान्यात पोचलो तोवर आपल्या रायडर ग्रुपवर दीडशे मेसेज पडले होते. मला वाटलं, रक्त लागतंय का, पैशाची काय सोय, असलं काहीतरी चाललं असेल. उघडून बघतो तर भांडण! "तुमच्या कंपनीचे ब्रेकच तसले." "आमची घेतली असती तर हे झालं नसतं." "तुमची तर घाट चढतानाच तापते." आई बाहेर बाकावर बसून रडतेय आणि इथं इंजिनाच्या सीसीवरून एकमेकांचा बाप काढणं सुरू.

डोक्यावर काय होतं, हे एकानंही विचारलं नाही. मी विचारलं. हायवेकडेला दोरीवर टांगून विकतात ते तीनशे रुपयांचं टोपडं. आयएसआयचा शिक्का नाही, हनुवटीला आडोसा नाही. गाडीला नंतर बसवलेला सायलेन्सर मात्र नऊ हजारांचा.

आता जरा गाडीचं बोलू, कारण ग्रुपवर तेवढं सोडून सगळं बोललं जातं.

क्रूझर म्हणजे सीट खाली, पाय पुढं, हँडल आपल्याकडं ओढलेलं, आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. अमेरिकेतल्या लांबच लांब सरळ रस्त्यांवर ही बैठक रुजली. आपल्या हायवेलाही ती छान वाटते. उंची कमी असली तरी दोन्ही पाय जमिनीला टेकतात, हा मोठा फायदा. पण पाय पुढं असले की खड्डा आल्यावर पायांवर उठून उभं राहता येत नाही. दणका सरळ माकडहाडाला.

टूरिंग गाडीत माणूस ताठ बसतो, पाय बुडाखाली असतात, वाऱ्याला पुढं काच, सामानाला जागा, टाकी मोठी. होंडाची १९७५ पासूनची गोल्डविंग हा त्यातला अवजड नमुना. आपल्याकडं जास्त चालतात त्या खडबडीत रस्त्याच्या उंच टूरिंग गाड्या. त्यांना खड्ड्याचं भय कमी, पण सीट उंच. पाय नीट टेकत नसतील तर चढावरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अंगावर घेऊन पडायची तयारी ठेवा.

दोन आकडे देतो. रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर उंच आणि पोटाखालची जागा १७०. हिमालयन ४५० ची सीट ८२५ आणि जागा २३०. वजन दोन्हींचं दोनशे किलोच्या आत-बाहेर. कंपनी एक, गाड्या दोन टोकांच्या! मग "मी अमुक कंपनीचा माणूस" म्हणजे नक्की कुठल्या गाडीचा माणूस?

आता उलट बाजू बघा. केटीएम ऑस्ट्रियाची आणि ट्रायम्फ इंग्लंडची म्हणून ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. केटीएमच्या ३९० आणि ट्रायम्फच्या ४०० या दोन्ही गाड्या आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात तयार होतात. आपल्याच जिल्ह्याशेजारच्या कामगारांनी नट आवळलेत त्यांचे. आणि आपण इथं ऑस्ट्रिया विरुद्ध इंग्लंड खेळतोय.

निष्ठेत काहीच अर्थ नाही, असं मी म्हणत नाही. म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ ला बंद पडला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं लोकांनी त्या गाड्या जिवंत ठेवल्या. भंगारातून पार्ट शोधले, म्हाताऱ्या मिस्त्र्यांना धरून ठेवलं. जावा हे नाव २०१८ ला बाजारात परत आलं, तेव्हा विकायला ही माया तयारच होती. १९५५ पासून मद्रासला जुळणी होत आलेल्या बुलेटचंही तेच. वडिलांची गाडी, गावोगाव मिस्त्री, रात्री बाराला पंक्चर झालं तर धावून येणारे मित्र. ही निष्ठा मला कळते. पण ती माणसांशी आणि यंत्राशी आहे, कंपनीशी नाही.

कंपनी काय करते? हार्लेचं नाव दंडावर गोंदवून घेणारे लोक जगभर आहेत. त्याच हार्लेनं २०२० मध्ये हरियाणातला बावलचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं, पुढचा कारभार हिरोकडं सोपवला. कंपनीनं हिशेब मांडला, जमला नाही, निघाली. यात गैर काही नाही, धंदा असाच असतो. पण तिनं निघताना दंडावरचं नाव बघितलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता माझा गुन्हा. गेली कित्येक वर्षं दसऱ्याच्या पुरवणीत गाड्यांचं पान मीच लिहितोय. "रुबाब", "मर्दानी आवाज", "रस्त्याचा राजा" हे शब्द माझेच. जाहिरात मिळायची, पान भरायचं. त्यात हेल्मेटवर एक ओळ मी कधी लिहिली नाही. दवाखान्यात त्या पोराच्या मोबाईलच्या कव्हरवर "रस्त्याचा राजा" छापलेलं दिसलं. शब्द माझ्याकडूनच आले असतील असं नाही, पण मान खाली गेली हे खरं.

हा पोरगा दर शनिवारी पाटण तालुक्यातल्या गावी जातो. शेवटचे नऊ किलोमीटर नुसते खड्डे. त्याच कंपनीकडं त्या रस्त्याला साजेशी दुसरी गाडी होती, किंमतही आवाक्यातली. त्यानं रस्ता बघून गाडी घ्यायला पाहिजे होती, घेतली ग्रुप बघून. कारण सगळ्यांकडं क्रूझर!

म्हणून दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो. रोज कुठल्या रस्त्यानं जाता ते आधी बघा. शोरूमच्या फरशीवर बसून फोटो काढू नका, ट्रायल मागा, अर्धा तास चालवा, पाय टेकतात का बघा. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण ते एकट्या पुढच्या चाकाला आहे की दोन्हींना, हे तोंडानं विचारा. आणि सायलेन्सरचे नऊ हजार पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटात घाला.

ग्रुपला एक विनंती. ती खडी आठ दिवस झाले तरी वळणावर तशीच आहे. काल जाऊन फोटो काढलेत. दीडशे मेसेज करणाऱ्यांतल्या वीस जणांनी अर्जावर सही केली तरी रस्ता ज्या खात्याच्या ताब्यात आहे तिथं उद्या घेऊन जातो. अर्ज माझ्याकडं तयार आहे. सकाळी अकराला एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबतो.

कुठल्याही कंपनीची गाडी घेऊन या. हेल्मेट घालून या.