दारुड्यांचा प्रश्न नव्हे

विषारी अल्कोहोल म्हटलं की लोकांना हातभट्टीचा गुत्ता आठवतो आणि निकालही तिथेच लागतो: प्यायले, मेले, कशाला प्यायची? २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, तेव्हाही हेच कानावर आलं. त्या माणसांनी मिथेनॉल मागितलं नव्हतं. दारू म्हणून ते त्यांच्या ग्लासात ओतलं गेलं. तरी क्षणभर हा आक्षेप मान्य करू. मग जे. जे. रुग्णालयाचं काय?

१९८६ साली मुंबईच्या या सरकारी रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं. रसायनशास्त्राच्या हिशेबात तेही अल्कोहोलच. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची सडलेली साखळी उघडी पाडली. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची पोरं. सर्दी-खोकल्याचं औषध घेतलं आणि लघवी बंद झाली. आईबापांनी त्यांना उचलून नागपूरला आणलं. वीसहून अधिक मुलं वाचली नाहीत. त्या 'कोल्ड्रिफ' सिरपमध्ये तमिळनाडूच्या तपासणीत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. यातलं कोणतं पोर दारुडं होतं?

मूत्रपिंडाचा घात होतो तो असा. मिथेनॉलपासून यकृतात फॉर्मिक आम्ल बनतं, ते आधी दृष्टी घेतं. रक्तातलं आम्ल आणि खालावलेला रक्तदाब यांत मूत्रपिंडं मागाहून भरडली जातात. ग्लायकॉलचा रोख मात्र थेट मूत्रपिंडावर. कूलंटमधल्या एथिलीन ग्लायकॉलचं शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होतं, ते कॅल्शियमला धरतं आणि त्याचे स्फटिक मूत्रनलिकांत रुततात. डायएथिलीन ग्लायकॉलपासून डायग्लायकोलिक आम्ल तयार होतं. त्याने नलिकांच्या अस्तरातल्या पेशी सुजतात, मरतात, गळून पडतात. मोरी तुंबावी तशी लघवी अडते. डायएथिलीन ग्लायकॉल बिनरंगी, गोड आणि स्वस्त असल्यामुळे ग्लिसरीनच्या पिंपात खपून जातं.

'डायलिसिस आहे ना,' असं म्हणणारेही भेटतात. डायलिसिस रक्तातलं विष आणि आम्ल काढतं, तेही वेळेत झालं तर. मेलेल्या पेशी ते उठवत नाही. फोमेपिझोल हा उतारा किंवा रुग्णालयातच मोजून दिलेलं इथेनॉल यकृतातलं विष बनवणारं विकर अडवून ठेवतं, म्हणून विष बनण्याआधी द्यावं लागतं. लघवी थांबल्यावर शंका आली, तर बहुतेक खेळ आटोपलेला असतो. छिंदवाड्यात आधी साथीच्या आजाराचा शोध चालला होता, आणि तेवढ्यात दिवस गेले.

मग करायचं काय? छिंदवाड्यात डॉक्टरला बेड्या पडल्या, आणि तेवढ्यावर अनेकांचं समाधान झालं. माझं झालं नाही. बाटलीत काय आहे, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरला नुसत्या नजरेने कळत नाही. कारखान्याला कळू शकतं: आलेल्या प्रत्येक पिंपातला नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीवर तपासावा, अहवाल हाती येईपर्यंत त्यातला थेंबही सिरपमध्ये जाऊ नये. पुरवठादाराचं प्रमाणपत्र म्हणजे तपासणी नव्हे. औषध निरीक्षकानेही तयार बाटलीआधी पिंपाची नोंदवही मागावी. आणि बालरोगतज्ज्ञांनी, लघवी थांबलेलं मूल समोर आलं की, तापाची चौकशी करतानाच घरातली औषधाची बाटली मागवून घ्यावी, ती फेकू देऊ नये.