टाळ वाजत राहतात तोवर

वारी म्हटली की कॅमेरेवाले दिवे घाट गाठतात. गाठोत बापडे. मला विचाराल तर माउलींच्या पालखीतला पाहण्याजोगा दिवस लोणंद सोडल्यावरचा. तरडगावचा टप्पा तसा लहान, पण वाटेत चांदोबाचा लिंब येतो आणि तिथे पहिलं उभं रिंगण होतं. दुतर्फा दिंड्या, मधून अश्व दौडत गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला म्हातारे-कोतारे तरण्यांना मागे सारतात. पाय सुजलेले, टाचेच्या भेगांत चिखल, तरी! मुक्कामाला मात्र चुकवू नये ती समाजआरती. चोपदाराने चोप उंचावला की गजबजलेला तळ चिडीचूप. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. पाण्याचा टँकर पोचला नाही, कुणी चालण्याचा क्रम मोडला, काहीही असो. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, तेव्हा कुठे टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथेच पुकारतात आणि मग आरती होते. आपल्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनी वार्षिक सभेआधी एकदा तरी या तळावर येऊन उभं राहावं.